ऑफिससाठी प्रोफेशनल फोटो काढायचाय, तयारी काय करावी? (आणि चेहऱ्यावरच्या कोडाचं काय?)

रानजाई | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी नाशिकची, वय ४६, स्ट्रक्चरल इंजिनीयर. मागच्या महिन्यात आमच्या फर्ममध्ये मला भागीदार करून घेतलं. आता नवी वेबसाइट होतेय आणि येत्या शनिवारी मुंबईहून फोटोग्राफर ऑफिसातच येणार आहे. आम्ही बारा जण, प्रत्येकी पंधरा मिनिटं. करड्या पडद्यासमोर, छातीपासून वरचा फोटो.

सोपं आधी विचारते. साडी, कुर्ता की ब्लेझर? चष्मा ठेवावा का? मेकअपची सवय नाही, काजळ आणि छोटी टिकली एवढंच.

आता अवघड. मला कोड आहे, २०११ पासून. खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत, पापडाच्या लाटीएवढा डाग, आणि थोडा बोटांवर. साइटवर मला त्याचं काही वाटत नाही. स्लॅब भरताना कोण बघतंय माझ्या हनुवटीकडे! पण फोटो म्हटला की चौदा वर्षं मी मागच्या रांगेत. चार वर्षांपूर्वी एका स्टुडिओत ओळखपत्रासाठी फोटो काढला, तर तिथल्या मुलाने न विचारता डाग पुसला आणि चेहराही चांगला दोन शेड उजळ केला. घाई होती, तोच फोटो एका निविदेच्या कागदांना लागला. मीटिंगला गेले तेव्हा समोरच्या गृहस्थांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. बोलले काहीच नाहीत. मला मात्र दिवसभर वाटत राहिलं की आपण काहीतरी खोटं सादर केलंय.

म्हणून विचारते. डाग झाकू, नंतर कॉम्प्युटरवर काढायला सांगू, की राहू देऊ?

---

बोरकूट | सोमवार, रात्री ९:५८

आधी भागीदारीबद्दल अभिनंदन! पेढे कुठे आहेत?

---

अनुस्वार | सोमवार, रात्री १०:१५

अभिनंदन ताई. बाकी खरं सांगू का, या फोटोंचं फार अवडंबर झालंय. हल्लीच्या फोनमध्ये पोर्ट्रेट मोड असतो. खिडकीशी उभं राहायचं, मुलाला सांगायचं, काम झालं.

---

अजिंठेकर | सोमवार, रात्री ११:०२

अनुस्वार, खिडकीबद्दल शंभर टक्के सहमत, फोनबद्दल निम्मा. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या भिंगाएवढं दृश्य पकडतो. चेहरा चौकटीत भरावा म्हणून आपण त्याला हातभर अंतरावर आणतो. तिथे नाक मोठं होतं, कान मागे पळतात, कपाळ फुगतं. दोष चेहऱ्याचा नसतो, अंतराचा असतो. फोनच वापरायचा तर दीड-दोन मीटर मागे सरका आणि दोन किंवा तीन पट झूम लावा. आम्ही ८५ मिलिमीटरची लेन्स वापरतो ती याचसाठी, तिच्यामुळे आपोआप दोन मीटरवर उभं राहावं लागतं.

रानजाई ताई, माझा संभाजीनगरला स्टुडिओ आहे, बावीस वर्षं हेच करतोय. तुमच्या प्रश्नांवर सविस्तर लिहितो, पण उद्या. आज लग्नाचे अकराशे फोटो निवडून डोळे गेलेत.

---

वहिनीसाहेब | मंगळवार, सकाळी ७:२०

साडीच नेस गं. इंजिनीयर बाई साडीत किती रुबाबदार दिसते! माझी नारायणपेठ देऊ का पाठवून?

---

स्टुटगार्टकर | मंगळवार, दुपारी १२:४५

इकडचा अनुभव सांगतो. जर्मनीत नोकरीच्या अर्जाला फोटो जोडायची जुनी पद्धत आहे, त्यासाठी वेगळा शब्दसुद्धा आहे. २००६ साली भेदभावविरोधी कायदा आल्यापासून कंपन्या फोटोची सक्ती करणं टाळतात, तरी बरेच जण अजून लावतात. मी पुण्याहून आणलेला पासपोर्टचा फोटो लावला होता. माझ्या शेजारच्या आजींनी तो पाहिला आणि विचारलं, "तुला कुणी रागावलंय का?" मग रीतसर काढून घेतला.

तिथल्या फोटोग्राफर बाईंनी पहिली दहा मिनिटं कॅमेरा उचललाच नाही. चहा दिला, काम काय करतोस ते विचारलं. मी गिअरबॉक्सबद्दल बोलायला लागलो आणि त्यांनी टिपायला सुरुवात केली. निवडलेला फोटो त्या बोलण्यातलाच आहे. ताई, तुम्हीही त्या माणसाशी एखाद्या पुलाबद्दल बोला.

---

एडिसनकर | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

आमच्याकडे अमेरिकेत उलट. रेझ्युमेवर फोटो लावायचा नाही, लिंक्डइनवर मात्र हवाच. आणि व्हिसाच्या फोटोचे नियम इथे लावू नका. त्या फोटोत १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालत नाही, चेहरा निर्विकार लागतो. हा फोटो तसा नाही. रोज चष्मा लावत असाल तर फोटोतही ठेवा, नाहीतर लोक प्रत्यक्षात ओळखत नाहीत.

---

अजिंठेकर | मंगळवार, रात्री १०:३०

हं, आता बसलो निवांत.

चष्मा ठेवा, एडिसनकर बरोबर सांगताहेत. काचेत दिवा चमकतो त्याला उपाय आहे. फोटोग्राफरने दिवा थोडा उंच घ्यायचा, आणि तुम्ही डांड्या कानावरून अगदी बोटाच्या पेराएवढ्या वर उचलायच्या. काचा खाली झुकतात आणि चमक निघून जाते. समोरून डांडी उचललेली कळत नाही. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर तो चष्मा नको, बाहेरून आल्या आल्या फोटो काढला तर डोळेच दिसत नाहीत. आदल्या रात्री काचा, डांड्या आणि नाकावरचे ते दोन ठोकळे साबणाच्या पाण्याने धुवा. मोठ्या फोटोत तिथला मळ स्पष्ट येतो, आणि तो पुसत बसण्यात माझ्या आयुष्यातले बरेच तास गेलेत.

कपडे. बारीक चौकडी आणि बारीक रेघा टाळा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ओळींचीच जाळी असते, तिच्यात आणि कापडाच्या जाळीत भांडण लागतं आणि फोटोत इंद्रधनुषी लाटा उठतात. खणाच्या ब्लाउजवर हे हमखास होतं, शिवाय खण चमकतो. वहिनीसाहेब, नारायणपेठ सुंदर आहे, पण या चौकटीत छातीपासून वरचंच दिसणार. म्हणजे साडीचा डाव्या खांद्यावरचा वीतभर भाग. तिथे रुंद जरीचा काठ आला की नजर चेहऱ्याऐवजी काठावर जाते. सुती किंवा टसर, एकरंगी, बारीक काठाची घ्या. गर्द निळा, मोरपंखी, वांगी, विटकरी, यांतला कुठलाही रंग करड्या पडद्यावर उठून दिसतो. पदराच्या निऱ्या खांद्यावर ब्लाउजच्या आतून पिन लावून घट्ट बसवा. दर तिसऱ्या बाईच्या फोटोत मला ती सेफ्टीपिन दिसते. आणि जी काही साडी असेल ती नेसून एकदा खुर्चीत बसून बघा. उभं असताना नीट असलेला गळा बसल्यावर गोळा होतो.

केस कापायचे तर आठवडाभर आधी, आदल्या दिवशी नाही.

कोडाबद्दल. काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी फक्त प्रकाशाचं सांगतो. कोडाची त्वचा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा जास्त प्रकाश परत फेकते. उघडा फ्लॅश थेट मारला तर तिथला पोत जळतो आणि कागद चिकटवल्यासारखा सपाट पांढरा ठिपका उरतो. डाग वाईट दिसतो असं लोक म्हणतात ना, ते बहुतेक वेळा हेच असतं. मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावरची पांढऱ्या कापडाची पेटी, लावला, उजेडाचं माप डागावर बघून ठरवलं आणि बाकीचा चेहरा पांढऱ्या रिफ्लेक्टरने उचलला, तर डागातली त्वचासुद्धा त्वचेसारखी दिसते. मुख्य दिवा तुमच्या उजवीकडून, डाव्या गालाला नुसता शिडकावा. हे त्याला सांगा, त्याला कळेल.

---

बोरकूट | मंगळवार, रात्री १०:५२

काका, हे सगळं जपून ठेवलं. मानेचं काय? माझ्या प्रत्येक फोटोत दोन हनुवट्या येतात, भागीदारी फर्म!

---

अजिंठेकर | मंगळवार, रात्री ११:०५

कासवासारखी मान पुढे काढा, मग हनुवटी जराशी खाली. आपल्याला वाटतं विचित्र दिसत असेल, पण समोरून जबड्याची रेघ लख्ख येते. डोळे मिटत असतील तर मिटूनच ठेवा आणि तीन म्हटलं की उघडा.

---

फिरस्ता | बुधवार, सकाळी ८:३०

आणि म्हणायचं काय? 'चीज' म्हटलं की माझं तोंड दातांच्या डॉक्टरसमोर उघडल्यासारखं होतं.

---

वहिनीसाहेब | बुधवार, सकाळी ८:४१

जिलबी म्हणायचं. 'बी'वर ओठ आपोआप हसतात, आणि जिलबी आठवली की डोळेही.

---

निशिगंध_डॉ | बुधवार, दुपारी ३:१५

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून दोन शब्द. आधी एक गोष्ट, कारण हा धागा आणखी कुणीकुणी वाचेल. कोड संसर्गजन्य नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी तिथे नष्ट झालेल्या असतात, बस. आजही माझ्याकडे अशा मुली येतात ज्यांचं ताट घरात वेगळं ठेवलेलं असतं.

रानजाई, शनिवारसाठी काही नवं करू नका. फेशियल नको, ब्लीच तर अजिबात नको. कोडामध्ये त्वचेला जिथे इजा होते, घासली जाते, खरवडली जाते, तिथे नवा डाग उठू शकतो. म्हणून ओठांजवळ थ्रेडिंग-वॅक्सिंगही टाळा. उन्हापासून जपा. उन्हाने आजूबाजूची त्वचा रापते, डाग तसाच राहतो, आणि फरक एकदम वाढतो. साइटवर जात असाल तर या आठवड्यात सनस्क्रीन आणि ओढणी, दोन्ही. मात्र फोटोच्या आधी झिंक किंवा टायटॅनियमवालं पांढरं सनस्क्रीन जाड थापू नका, थेट फ्लॅशमध्ये सगळा चेहरा पिठासारखा येतो.

झाकायचाच असेल तर त्यासाठी वेगळं कॅमोफ्लाज मेकअप मिळतं, साध्या फाउंडेशनने जमत नाही, डाग राखाडी दिसतो. पण ते पहिल्यांदा शनिवारी सकाळी लावायचं नाही. दोन दिवस आधी लावून खिडकीत फोटो काढून बघा.

---

अनुस्वार | बुधवार, संध्याकाळी ७:००

मी परवा उडवून लावलं होतं, त्याबद्दल माफ करा ताई. प्रश्न फोनचा नव्हताच, नीट वाचायला हवं होतं. माझं मत, राहू द्या. विनी हार्लो ही कॅनडाची मॉडेल कोड घेऊन रॅम्पवर चालते. तुम्ही का लपवायचं?

---

मोगरीचा_वळेसार | बुधवार, रात्री ९:२५

अनुस्वार, इथे माझं जरा वेगळं मत आहे. मी मडगावची, मलाही कोड आहे, दोन्ही डोळ्यांभोवती. रोज बँकेत काउंटरवर बसते आणि रोज सकाळी वीस मिनिटं मेकअप लावते. धाडस नाही म्हणून नाही. दिवसाला शंभर माणसं समोर येतात आणि त्यातल्या दहांना औषध सुचवायचं असतं. मला माझं काम करायचं असतं, दहा वेळा माझ्या आजारावर बोलायचं नसतं. मॉडेलचं उदाहरण लोक लगेच देतात, पण तिचं कामच दिसण्याचं आहे. झाकणं म्हणजे लाज नव्हे. न झाकणं म्हणजेच शौर्य, असा नवा दंडक कुणी लावू नये.

रानजाई, एवढंच बघ की तू रोज जशी जातेस तशीच फोटोत असावीस. मी रोज मेकअप लावते, म्हणून माझ्या फोटोतही मेकअप आहे. तू लावत नाहीस.

---

निशिगंध_डॉ | बुधवार, रात्री ९:५०

वळेसार, अगदी मनापासून सहमत.

---

तंतुवाद्य | गुरुवार, सकाळी ६:१०

वाचता वाचता वडिलांची आठवण झाली. अवांतर आहे आणि लांब आहे, चालवून घ्या.

मिरजेत आमचा स्टुडिओ होता. वडील निगेटिव्हवर हाताने रिटचिंग करायचे. उतरत्या काचेचं एक मेज असे, खाली आरसा, आरशातून उजेड वर. टोक सुईसारखं केलेली शिसपेन्सिल. निगेटिव्हवर आधी टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या राळेचा पातळ हात, म्हणजे शिसं धरतं. मग ठिपके, नुसते ठिपके. तेव्हा मोठं काम असे ते देवीच्या व्रणांचं. भारतात देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ सालचा, पण त्याआधी व्रण उठलेले चेहरे नंतर कितीतरी वर्षं आमच्या बाकावर येऊन बसायचे. बहुतेक लग्नाच्या मुली. व्रणाचा खळगा निगेटिव्हमध्ये फिकट दिसतो, तो पेन्सिलीने भरला की छापात गाल गुळगुळीत येतो. एका चेहऱ्याला दोन-अडीच तास लागत. फोटो स्थळाकडे जाई. मग मंडळी पोहे खायला येत आणि मुलीकडे बघून गप्प होत. वडिलांना ते ठाऊक होतं. म्हणायचे, न केलं तर फोटो बघूनच परत पाठवतात, केलं तर निदान घरी तरी येतात.

मी कॉलेजात असताना एक शिक्षक आले. पत्नी वारली होती. लग्नाआधीचा तिचा फोटो आमच्याकडेच काढलेला, त्यांच्या घरी तोच एक होता. म्हणाले, "हा तिचा नाही. मी हिच्याबरोबर राहिलोच नाही. हिचे व्रण परत आणता येतील का?" वडिलांनी माळ्यावरची पेटी काढली, वर्षाचा गठ्ठा सोडला, निगेटिव्ह शोधली. कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइन घेतलं आणि गालावरून हलक्या हाताने फिरवलं. बोळा करडा झाला. मग नवा बोळा. त्यांनी घातलेले सगळे ठिपके पाच मिनिटांत निघून गेले. छाप ट्रेमध्ये वर यायला लागला तेव्हा मास्तर लाल दिव्यात उभे होते. आधी डोळे आले, मग गाल.

वडिलांनी पैसे घेतले नाहीत.

---

वहिनीसाहेब | गुरुवार, सकाळी ७:०५

सकाळी सकाळी रडवलंत.

---

खानदेशी_वकील | गुरुवार, दुपारी १:३०

व्यवहाराचं एक सांगते, कारण पुढे अडतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. तुमच्या बाबतीत पैसे फर्म देणार, म्हणजे फोटो फर्मचा. आणि वेबसाइटवर जाण्याआधी तो कसा सुधारायचा हे बहुधा वेबसाइट करणारं कुणीतरी ठरवणार. त्या माणसाने तुमची हनुवटी कधी पाहिलेलीही नसेल. तेव्हा आजच एक ईमेल टाका, ऑफिसला आणि फोटोग्राफरला, की त्वचेतले कुठले बदल चालतील आणि कुठले नाहीत. आणि स्वतःच्या लिंक्डइनसाठी तोच फोटो वापरायची परवानगीही त्यातच मागून घ्या.

---

एडिसनकर | गुरुवार, संध्याकाळी ७:४०

हे माहीत नव्हतं. इथे अमेरिकेत उलटं, वेगळा लेखी करार नसेल तर हक्क साधारणपणे फोटोग्राफरकडे राहतो. पुस्तकाच्या मलपृष्ठावर माझा स्वतःचा फोटो वापरायला मला पुन्हा पैसे भरावे लागले होते.

---

रानजाई | गुरुवार, रात्री १०:१५

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू? तंतुवाद्य, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. अर्ध्यावर मला थांबावं लागलं, पुढचा त्याने वाचला.

वळेसार, तुझं पटलं. मी रोज जशी जाते तशीच जाणार. वकीलताईंच्या सांगण्याप्रमाणे ईमेल केलाय. विटकरी मंगळगिरी काढलीय, बारीक काठाची. पिन आतून.

---

रानजाई | रविवार, दुपारी ४:२०

काल झालं!

फोटोग्राफर पोरगेलासा, सत्तावीस-अठ्ठावीसचा. माझा ईमेल त्याने वाचला होता आणि दिवा आधीच उजवीकडे लावून ठेवला होता. अजिंठेकर काका, तो तुमच्यासारखाच बोलत होता, उजेडाचं माप त्याने हनुवटीपाशी यंत्र धरून घेतलं. यंत्र डागाच्या इतकं जवळ आलं तेव्हा मी एकदम ताठ झाले, सवयीने. पहिले पंधरा-वीस फोटो वाया. त्यात माझा चेहरा म्हणजे पंचनामा चालू असल्यासारखा. मग त्याने विचारलं, सध्या कुठलं काम चालू आहे? मी त्याला गळक्या पाण्याच्या टाकीची गोष्ट सांगितली. जुनी टाकी पाडा म्हणून सगळे मागे लागलेले, आणि आम्ही ती कशी वाचवली. हात वर करून टाकीची उंची दाखवत होते तेव्हा त्याने काढला. हात चौकटीबाहेर आहे, पण खांदा किंचित उचललेला कळतो.

चष्मा आहे. टिकली आहे. डाग आहे, आणि त्यात त्वचा दिसते. खालच्या ओठाखाली एक बारीक सुरकुती आहे, ती मी चौदा वर्षांत पाहिली नव्हती. आरशात मी तिथे बघतच नसे.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा परकाही वाटला थोडा.

---

अजिंठेकर | रविवार, संध्याकाळी ५:००

वा! परका वाटला कारण आयुष्यभर आपण आरशातला, डावी-उजवी उलटलेला चेहरा पाहतो. तुमचा डाग आरशात आरशाच्या डाव्या बाजूला असतो, फोटोत उजव्या बाजूला आला. नवऱ्याला विचारा, त्याला हाच ओळखीचा वाटेल.

---

रानजाई | रविवार, संध्याकाळी ५:३०

विचारलं. तो म्हणाला, "परका कुठे? अशीच तर दिसतेस."

---

सुगरण_पक्षी | रविवार, रात्री ९:४५

नमस्कार, आज हा धागा एका बैठकीत वाचून काढला. माझी मुलगी अकरावीत आहे, तिच्या डाव्या डोळ्याशेजारी कोड आहे. मंगळवारी कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो आहे, रांगेत उभं करून एकेकीचा काढतात, एका मिनिटात. तिला डाग पुसलेला नकोय, पण फोटोवाल्या दादांना ते सांगायचं कसं म्हणून आतापासून घाबरलीय. ईमेलमध्ये नेमकं काय लिहिलं होतं, सांगाल का?

---

रानजाई | रविवार, रात्री १०:०२

सांगते ना. ईमेल लांबलचक होता, पण कॅमेऱ्यासमोर बसल्यावर मी त्याला तोंडीही सांगितलं, ते एवढंच होतं. तिला पाठ करायला सोपं जाईल.

"दादा, पांढरा डाग माझा आहे, तो काढू नका. पिंपल काढलात तर चालेल."